मनीसाठी लावलेली जाळी

आई, आज स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी काढून टाकली. कात्री घेऊन एकेक प्लास्टिकची पट्टी कापत बसले होते. तुझा जावई म्हणाला, "राहू दे की, डास तरी येणार नाहीत." त्याला इंजिनीअर कुणी केलं देव जाणे. त्या जाळीच्या भोकांतून डास सहकुटुंब ये-जा करतील. ती डासांसाठी नव्हतीच, मांजरासाठी होती, आणि मांजर आता येणार नाही. तुला हे पहिल्यापासून सांगायला हवं. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते, आणि सिंगापूर म्हणजे शेजारच्या काकांनी आणलेला टेपरेकॉर्डर, याच्यापलीकडे आपल्याला काही माहीत नव्हतं. आता मी तिथेच राहते. बुकित पंजांगला भाड्याचा कॉन्डो, म्हणजे खाजगी सोसायटीतला फ्लॅट, आहे, तू न पाहिलेला जावई आहे, तू न पाहिलेली नात आहे, आणि मांजर नाही.

आमच्या समोरच सरकारी घरांच्या इमारती आहेत. इथे त्यांचा तळमजला मोकळा ठेवतात. दगडी टेबलं असतात, म्हातारी माणसं पत्ते कुटत बसतात. तिथे ती राहायची. पांढरी, अंगावर केशरी ठिगळं, आणि शेपूट आखूड, टोकाला मुडपलेलं. इथल्या बऱ्याच मांजरांचं जन्मतःच तसं असतं, पण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी दारात चेपलं, आणि मी त्या न पाहिलेल्या माणसाला मनातल्या मनात तुझ्याच शिव्या दिल्या. संध्याकाळी रॅफल्स प्लेसच्या ऑफिसातून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, यायचं, मग इमारतींच्या मधून जाणारी ती छोटी गाडी, एलआरटी, पकडायची, उतरून त्या मोकळ्या जागेतून घरी यायचं. मी बँकेत खाती उघडायला येणाऱ्यांचे कागद तपासते. दिवसभर लोकांना नाही म्हणायचं, तेही गोड बोलून. तर तिथे बाकावर टेकले की ती कुठूनतरी यायची आणि माझ्या ऑफिसच्या काळ्या पँटवर केसांचा सडा घालायची. मी तिला मनीच म्हणायचे. तुझं प्रत्येक मांजर मनीच असायचं, बोका असला तरी. दिवसातलं पहिलं मराठी वाक्य मी बहुतेक तिच्याशीच बोलत असे, कारण सकाळी घरात जे चालतं त्याला बोलणं म्हणत नाहीत.

एक दिवस ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. खाली तिला खायला घालणारी एक चिनी आजी होती, तिने तुटक इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी सांगितलं की पार्किंगमध्ये मोटरसायकलने उडवलं, आणि प्राण्यांना सोडवणारी एक संस्था आहे, ते लोक घेऊन गेले. मी त्यांचं पान शोधून काढलं. काही आठवड्यांनी तिचा फोटो आला. पायाची जखम भरलेली, गळ्यात पट्टा, आणि एखाद्या बिस्किटाला शोभेल असं इंग्रजी नाव. खाली लिहिलेलं, मी घर शोधते आहे. आई, मी ऑफिसातल्या ऑफिसात हसले. सरकारी फ्लॅटमध्ये तेव्हा मांजर ठेवायला परवानगी नव्हती, पण कॉन्डोत चालायचं. घरमालक सरळ माणूस. मनी मला ओळखते. मला वाटलं, आता फक्त जाऊन आणायची.

पण तसं नव्हतं. घरमालकाचं पत्र हवं. प्रत्येक खिडकीला जाळी हवी, अगदी बाथरूमच्या झरोक्यालासुद्धा. मांजर दाराबाहेर कधीही जाणार नाही असं लिहून द्यायचं. दिवसा घरी कोण असतं? भारतात सुट्टीला गेलात तर कोण बघणार? तुमचा इथल्या नोकरीचा परवाना, तो एम्प्लॉयमेंट पास, पुढे वाढवून मिळाला नाही तर? मी म्हटलं, बरोबर घेऊन जाऊ. त्यावर त्यांनी विमानाने मांजर नेण्याचे नियम पाठवले आणि वाचल्याचं कळवा म्हणाले. मी वाचले, कळवलं. नियमांवर उगाच आरडाओरडा करणाऱ्यांतली मी नाही गं. तुझा जावई रोज कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडला, रसायनांच्या कारखान्यात, जातो. पास दाखवल्याशिवाय ती बस फाटकाच्या आत सरकत नाही, आणि तिथल्या त्या टाक्या आणि नळ्यांच्या जंगलात कुणीतरी असं कडक आहे म्हणूनच मी दिवसभर निर्धास्त असते. म्हणून सगळं केलं. जाळ्या लागल्या, घराचा पार पिंजरा झाला. मग ते म्हणाले, एक बाई घर बघायला येतील. तुझा जावई म्हणाला, "अगं, मांजर आणतोय की मुलगी दाखवतोय?" तो हसला, मीही हसले. आणि नेमकी तिथेच चूक झाली, कारण मी खरोखरच पोहे केले.

ती आली शनिवारी दुपारी. चिनी, तिशीची असेल. चपला दाराबाहेर काढल्या, हात धुवायचे का म्हणून विचारलं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हातांवर जुने-नवे ओरखडे. मला ती लगेच आवडली. तिने प्रत्येक जाळी हाताने ओढून बघितली. मग बसली, पोह्यांचा एक चमचा खाल्ला, छान आहेत म्हणाली आणि विचारलं, याआधी कधी मांजर पाळलंय का? आता तूच सांग, आपल्याकडे कुणी घर बघायला आलं, पोह्यांची बशी हातात दिली, आणि घरच्यांबद्दल विचारलं की माणूस काय करतो? घरचं सांगत सुटतो. आमच्याकडे मांजरांची परंपरा आहे, याच थाटात मी सुरुवात केली. मी तिला तुझ्याबद्दल सांगितलं.

चिंचवडची कंपनीची वसाहत, तळमजला, स्वयंपाकघराचं मागचं दार. तू शाळेतून येतेस, पदराला खडूची पांढरी बोटं. हातपाय धुतेस आणि आमची पानं घ्यायच्या आधी जर्मनच्या वाटीत दूधभात कालवून मागच्या पायरीवर ठेवतेस. बाबा म्हणतात, "आधी तुमच्या पाहुण्या, मग आम्ही." मनी येते, खाते, तुझ्या पायांत घुटमळून निघून जाते. दिवसभर कुठे असते कुणाला ठाऊक नाही. एकदा ती बाबांच्या स्वेटरांच्या खणात व्यायली. तू तो खण कुणाला उघडू दिला नाहीस, आणि बाबा दिल्लीला, भर जानेवारीत, शेजाऱ्यांचा स्वेटर घालून गेले. हे मी रंगवून सांगितलं. पाहुणी हसली. मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, मी पुढचंही सांगितलं. वसाहतीच्या रस्त्यावर ट्रक यायला लागले म्हणून मी एकदा मागच्या दाराला कडी घातली होती. मनी दाराशी ओरडत होती. तू शाळेतून आलीस आणि माझ्यावर इतकी भडकलीस जितकी परीक्षेत नापास झाल्यावरही भडकली नसतीस. "आधी दार उघड. तिला तिचं घर माहीत आहे, तू कोण तिला कोंडणारी?" मी दार उघडलं. त्याच उन्हाळ्यात मनी गेली ती आलीच नाही. तू पुढे कितीतरी दिवस वाटी भरून ठेवत होतीस आणि सकाळी मुंग्या लागलेला भात झाडाखाली टाकत होतीस. पुढे दुसरी आली, तिलाही दार उघडंच.

"म्हणजे ते मांजर हरवलं," पाहुणी म्हणाली. तिचं हसणं थांबलं होतं. तिने पुढे अगदी हळू आवाजात विचारलं, ऑपरेशन केलं नव्हतं का? लस? दूधभात रोज? मी काहीतरी उत्तर दिलं. तिने पोह्यांची बशी बाजूला सरकवली आणि लिहिलं. जाताना दाराशी थांबून म्हणाली की तिला रोज काय काय बघावं लागतं. उंचावरून पडलेली मांजरं. देश सोडून जाताना लिफ्टजवळ खोक्यात ठेवून गेलेली मांजरं, खोक्यावर 'सॉरी' लिहिलेलं. "आय होप यू अंडरस्टँड," ती म्हणाली. मला समजत होतं. तेच तर वाईट.

नकार आला तो इतका गोड भाषेत की तो मीच लिहिलेला वाटावा. आमच्या प्रेमाबद्दल शंका नाही. पण घरात दिवसभर कुणी नसतं, इथलं वास्तव्य पासवर अवलंबून आहे, आणि प्राणी मोकळा सोडण्याची आणि हरवण्याची पार्श्वभूमी आहे. पार्श्वभूमी म्हणजे तू. तुझी नात वाचून इथल्या इंग्रजीत म्हणाली, "आई, व्हाय यू गो अँड टेल देम अबाउट आजी? जस्ट से नो, लाह!" मी म्हटलं, "अगं, पण आजीकडे मांजर होतं ना?" ती म्हणाली, "सो? दे डोंट नीड टू नो." मी तिच्यावर ओरडले. तिचं चुकलं होतं म्हणून नव्हे. तिच्या सल्ल्याने वागले असते तर मनी त्या आठवड्यात घरी आली असती म्हणून. मी परत अर्ज केला. ऑफिसात घरून काम करायची सोय होते का विचारलं, नाही म्हणाले. आम्ही नसताना मांजर सांभाळू असं इथले दोन ओळखीचे लिहून द्यायला तयार होते, तेही कळवलं. उत्तर आलं, एकदा झालेला निर्णय बदलत नाही.

मग ते लोक एका मॉलमध्ये घर शोधणारी मांजरं दाखवायला घेऊन आले तेव्हा मी गेले. जायला नको होतं. पिंजऱ्यांची रांग, प्रत्येकावर नाव, थंडगार एसी. ती मागच्या कोपऱ्यात पोत्यासारखी पडलेली. मी नुसतं "मने" म्हटलं, आणि ती उठली आई. एक पाय ओढत आली, गजांना गाल घासला, ते मुडपलेलं शेपूट उभं केलं. मी बोट आत घातलं. एक स्वयंसेवक मुलगी धावत आली. "आंटी, यू आर द वन रिजेक्टेड, राइट? बेटर डोंट, लाह. नॉट फेअर टु द कॅट." चारचौघांत. मी बोट काढून घेतलं. नियम पाळणारी बाई ना मी! ती मागे ओरडत राहिली, मागच्या दाराशी ओरडायची तशीच, आणि या वेळी कडी माझ्या हातात नव्हती. एलआरटीत उभी राहून रडले. इथे कुणी बघत नाही, सगळे फोनमध्ये असतात, तेवढी एक सोय.

पुढे वर्ष गेलं. मी रोज ते पान उघडायचे. आता मला ती दुसऱ्या कुणाला तरी मिळावी असं वाटायला लागलं होतं, खरंच. कुणीही, दिवसभर घरी बसणारं, पासची कटकट नसलेलं, आईने मांजर न पाळलेलं कुणी. कुणी आलं नाही. वयस्क, लंगडी, साध्या जातीची. पिल्लं असताना तिला कोण नेणार? फोटो तोच, मजकूर तोच, फक्त खाली, दुसऱ्या मांजरांसाठी नकार मिळालेल्या माझ्यासारख्यांची चिडलेली वाक्यं वाढत गेली. जाळी मी काढली नाही. न जाणो, त्यांना दया आली तर परत कुठे माणूस शोधायचा. धूळ बसली की ओल्या फडक्याने पुसायचे. आणि गेल्या आठवड्यात तिचा फोटो काळ्या चौकटीत आला. मूत्रपिंडं गेली म्हणे, झोपेत गेली. खाली लिहिलं होतं, तिला शेवटपर्यंत कुणी आपलं माणूस मिळालं नाही. ते वाचून लोकांनी बदाम टाकले होते, रडके चेहरे टाकले होते. मी लिहायला घेतलं, मी होते ना! पुसून टाकलं. कुणाशी भांडणार? रात्रंदिवस मांजरांची औषधं-पाणी करणाऱ्या त्या थकलेल्या मुलीशी? तिने मनीला सगळ्यातून वाचवलं, गाड्यांपासून, खिडकीपासून, दूधभातापासून, माझ्यापासून. मला आता कशातच अर्थ वाटत नाही आई. तुझी उघड्या दारातून गेली, माझी बंद दाराआड गेली.

खिडकी आता मोकळी आहे. समोरच्या इमारतीचा तळमजला दिसतो, दगडी बाक दिसतो. आज भात लावला तेव्हा हात आपोआप छोट्या वाटीकडे गेला, आणि मी तो मागे घेतला.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्न नाही. पण तू चिंचवडला त्याच पत्त्यावर असतीस तरी मी हे टाकलं नसतं. त्या दुपारी त्या बाईने लस आणि ऑपरेशनचं विचारलं तेव्हा मी काहीतरी उत्तर दिलं असं वर लिहिलंय. उत्तर असं होतं की माझी आई फारशी शिकलेली नव्हती, तिला या गोष्टी कळत नव्हत्या. तुझ्या शाळेचं मी तिला सांगितलंच नव्हतं. समोरच्या कपाटावर तुझा फोटो होता, निरोप समारंभातला, हातात शाळेने दिलेला नारळ, मागे फळ्यावर मुलांनी लिहिलेलं 'आमच्या विज्ञानाच्या बाई'. त्या बिचारीला मराठी वाचता येत नव्हतं. तिने मान हलवली, लिहून घेतलं, आणि तरीही मनी दिली नाही.