तात्यांच्या पद्मिनीचं टायमिंग

मंगळवार, १५ ऑक्टोबर

तात्यांनी जुन्या पद्मिनी गाडीचा डिस्ट्रिब्युटर, प्लगना ठिणगी वाटतो तो, साफ करायला काढला आणि खूणच केली नाही! वर पुढचं हँडल घालून इंजिनही फिरवून ठेवलं. आता तो कुठल्या बाजूला तोंड करून बसवायचा, त्यांना आठवेना. मिरज स्टेशनाबाहेर उभी हयात टॅक्सी चालवली, रस्त्यात बोनेट उघडून नुसत्या कानानं ठिणगीचं टायमिंग लावलं — ते तात्या! जेवले नाहीत. आई म्हणाली, "आवं, हुतंय एखाद्या वेळी." तर म्हणाले, "हुतंय न्हवं. डोस्कंच गेलंय माजं."

गुरुवार, १७

तात्यांनी स्वतःच भंगारवाल्याला फोन केला. गाडी न्यायला रविवारी येतोय. "ज्याला आपली गाडी चालू करता येत न्हाई, त्यानं ती ठिवू नये."

पुण्याहून राजवर्धनचा फोन — "अक्का, बरंच झालं. अंगण तरी मोकळं होईल." आणि तात्यांनी गाडीचं काम शिकवलं कुणाला? या भावाला! मी शेजारी टॉर्च धरून उभी. "पोरी, टॉर्च हलवू नगंस" — माझं शिक्षण एवढंच. पण टॉर्च धरणाऱ्यालाही दिसतंच की.

शुक्रवार, १८

कुपवाडला, आमच्या कारखान्यातल्या बाळासो फिटरना विचारलं. "ऱ्हाऊ द्या म्याडम. बाईच्या हाताला टायमिंग लागत न्हाई."

बघू.

शनिवार, १९

तात्या शेजाऱ्यांबरोबर मिरजेला डोळे तपासायला गेले आणि मी बोनेट उघडलं.

इंजिनाच्या पुलीवरची कंपनीची खूण जुळवली, डिस्ट्रिब्युटर बसवला, चावी फिरवली — कार्बोरेटरमधून फाडकन आवाज! आई तुळशीमागं पळाली. मला रडूच आलं. तिथंच पायरीवर बसले.

मग आठवलं, तात्या राजवर्धनला सांगायचे — "खूण दोनदा येती. एकदा इंजनानं दम भरल्याला आसतो, एकदा सोडल्याला. भरल्याला धर." म्हणजे पहिला प्लग काढून त्याच्या भोकावर अंगठा ठेवून दाब बघायचा. पण हँडलला माझे दोन्ही हात लागतात, आणि आई अंगठा द्यायला तयार नाही. ती आत गेली. जतहून, माहेरून आणलेल्या लोकरीचा घट्ट बोळा करून आली. "बोट कशाला? दाब आसंल तर ह्यो उडंल की." भोकात दाबला, शेपूट बाहेर ठेवून.

मी हँडल फिरवत गेले. काही नाही. काहीच नाही. आणि — फट्! बोळा थेट आईच्या पदरात. "आगं, उडाला की गं!" किती वर्षांनी अशी खदखदून हसली.

तिथून सावकाश खूण जुळवली. मघाशी मी बरोबर उलटा बसवला होता! काढला, अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवला. त्याच्या आतल्या पॉइंटला छोटा बल्ब जोडला, डिस्ट्रिब्युटर जरा जरा फिरवत नेला. बल्ब पेटला, म्हणजे ठिणगी तिथं पडणार; तिथंच आवळला. माझ्या लाल नेलपॉलिशनं खूण केली, प्लग परत लावला.

चावी फिरवली — आणि बोलली की गाडी! माझ्या हातानं!

तात्या रिक्षातून उतरले ते फाटकातच थांबले. डोळ्यांत औषध घातलेलं, काही दिसत नव्हतं. नुसते ऐकत उभे.

"कुणी केलं?"

"मी."

"हं."

एवढंच. पण जेवताना भाकरी मागून घेतली.

रविवार, २०

भंगारवाला आला. तात्या म्हणाले, "लेकीची गाडी हाय. तिला इचार." चहा पाजून परत पाठवला.

मंगळवार, २२

बाळासोंना मोबाइलवर गाडीचा आवाज ऐकवला. "बरा हाय." बरा म्हणे! दिवसभर हसू येत राहिलं.

रविवार, २७

बाजारातून आले तर बोनेट उघडं. डिस्ट्रिब्युटर पुन्हा बाहेर, फडक्यावर ठेवलेला. वाटलं, परत विसरले! नेलपॉलिशची खूणही खरडलेली.

"तात्या, हे काय केलंत?"

"मीच पुसली. खूण बगून कुणीबी बसवंल. त्या दिवशी मला दिसत न्हवतं. आता बसव, बगू दे."

भर दिवसा टॉर्च त्यांनी धरली. लय हलत होती. मी आईला हाक मारली — लोकरीचा बोळा आण!