भिंतीवरचा तिसरा म्हातारा

माहीम, १२ जानेवारी २०२५

चि. चारुतास, नरहरीकाकाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. बेटेगावच्या समाजमंदिरात तू छप्पन्नच्या (संवत १९५६, म्हणजे इसवी १८९९च्या) दुष्काळाचं चित्र रंगवलंस, त्याचा फोटो शेजारच्या शैलाने दाखवला. काम झकास आहे. पण रांगेत तिसरा, बरगड्या वर आलेला म्हातारा मी आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी मी उपाशी मेलो, हे निदान मला तरी कळवायचंस. आता पानवाडीत गडी विचारतात, काका, रेशन मिळालं का. त्याला मिशी लाव आणि माझी सुटका कर.

लोभ आहे, तूर्त थोडा कमी.
तुझा (हयात) काका


बोईसर, १७ जानेवारी

ती. काकांस सा. न.

मिशी मिळणार नाही. दुष्काळाचे जुने फोटो मी खूप पाहिले. माणसं ओळीने बसवलेली, सगळी हाडंच, नाव एकाचंही नाही. मला अशी माणसं हवी होती, ज्यांची घरी कुणी वाट बघत असेल. म्हणून ओळखीचे चेहरे घेतले. प्रीतमलाही मी सोडलं नाही. नवरा असला म्हणून काय झालं. मागे उभा आहे तो तोच.

तुमच्यासाठी काकूच्या वर्षश्राद्धातला तुमचा उघड्या अंगाचा फोटो घेतला. वाटलं होतं, चित्रात तुम्हाला बरंच वाळवावं लागेल. काका, मी काहीच वाळवलं नाही. जसं दिसलं तसं काढलं, आणि मग ब्रश खाली ठेवून बसले.

शैलाताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, चहा-पावावर दिवस काढतात. खरं का?

रागावा, पण उत्तर लिहा.
तुमची चारुता


माहीम, २५ जानेवारी

चि. चारुतास आशीर्वाद.

शैला चहाडखोर आहे, पण खोटं बोलत नाही. भात रांधतो, ताट वाढून घेतो. समोर कुणी नसलं की घास तोंडात नुसता फिरतो. तुझी काकू असती तर फिरू दिला नसता.

काल बेटेगावला जाऊन तुझी भिंत पाहिली. शेजारी सोमी नावाची एक म्हातारी उभी होती. तिचा पणजा त्या दुष्काळात गेला. तिने चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, तुमी जेवलाय का. मी हो म्हणालो. तिला ते पटलं नाही. घरी नेऊन नातवंडांच्या पंगतीत बसवलं. नाचणीची भाकर, सुकट. पोरं माझ्या ताटातली सुकट पळवत होती, म्हणून भराभर जेवलो. पोटभर.

दर रविवारी तुमच्याकडे जेवायला येतो. प्रीतमला ताजे बोंबील आणायला सांग. माझ्या अंगावर मांस चढेल तेव्हा चढेल, पण भिंतीवरच्या म्हाताऱ्याला हात लावू नकोस. त्याला कुणी जेवायला बोलावलं नव्हतं.

माया असू दे.
काका