धक्क्यावर ठेवलेला दोर

प्रिय धाकट्या,

इंजिन सुरू झालं. पहिल्या झटक्यात, फारसा धूर न ओकता. ही बातमी तुला बाबांनी सांगितलीच असेल, कारण फोनवर आधी बोलायचा मान त्यांचा, आणि माझी पाळी येईपर्यंत तुझी ड्यूटी लागते. म्हणून लिहायला बसले. पत्र निदान मधेच कोणी हातातून काढून घेत नाही. कागदावर काळे डाग दिसले तर ते ऑइलचे आहेत, रडले वगैरे नाही मी. म्हणजे जरा रडले, पण ते पुढे येईल.

गेल्या वर्षी भर खाडीत इंजिन आवळलं, जाम होऊन बंद पडलं, ते तुला ठाऊक आहे, पण तू ते पाहिलं नाहीस. बोटीत पलीकडे जाणारी माणसं, ओहोटीचा जोर, आणि आपण आडवे पुलाच्या खांबांकडे. बाबा सुकाणूवर होते. वाळूच्या बोटवाल्याने पाहिलं, आपला दोर त्याच्याकडे फेकला आणि त्याने ओढत आणलं म्हणून सगळे कोरडे घरी गेले. संध्याकाळी बाबा एवढंच म्हणाले, की आता हे इंजिन दुरुस्त झालं तर झालं, पुन्हा एकदा जरी बंद पडलं तर बोट वर ओढायची ती कायमची. मग मी कुठे जायचं, हे त्यांनी विचारलं नाही. तू जहाजांवर गेलास, मला ही एकच बोट आहे.

तेव्हा सगळा हिवाळा शेडमध्ये मी आणि ते लोखंडी धूड. इंजिनाचा नट न नट सुटा केला. क्रँक घासायला लेथवाल्याकडे नेला, तर तो म्हणतो कसा, भाऊ आलाय वाटतं सुट्टीवर? माझ्या खांद्याला क्रँकचं वजन, हाताला साल निघालेली, आणि याला भाऊ दिसतो! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही उगीच नाही. घरी येऊन आईला सांगितलं तर ती हसत सुटली. म्हणाली, लहानपणी धाकट्याला नवा सदरा आणला की तू असंच तोंड करायचीस.

या वेळी मी ताकदीच्या मागे लागले नाही. बोट वेगाने गेली नाही तरी चालेल, पण थांबता कामा नये. जिथे हात पोचत नाही तिथे बिघाड घर करतो, हे बाबांचंच म्हणणं ना? मग प्रत्येक गोष्ट हात पोचेल अशी बसवली. डिझेलचे फिल्टर दोन लावले, मधे कॉक, म्हणजे एक तुंबला तर इंजिन चालू ठेवून दुसऱ्यावर घेता येतं. पाण्याचे पाइप नवे, प्रत्येक टोकाला दोन दोन पट्ट्या. वायरी सगळ्या वरून नेल्या, तळाच्या पाण्यापासून लांब. दिसायला काही खास नाही. तुझ्यासारखा रंग मला जमत नाही.

तुझा रंग. तो हिरवा तुकतुकीत रंग आठवतो ना? तू सुट्टीत येऊन इंजिन उघडलंस, बसवलंस, रंगवलंस, आणि धक्क्यावरची माणसं नवरी बघायला यावं तशी बघायला आली. बाबा प्रत्येकाला झाकण उघडून दाखवायचे. आणि पहिल्या फेरीला त्यांनी काय केलं ते मी कधी विसरले नाही. आपल्याकडची रीत तुला काय सांगायची, दुरुस्तीनंतरच्या पहिल्या फेरीला ओढायचा दोर बोटीत घ्यायचा की धक्क्यावर ठेवायचा हे बाबा ठरवतात. दोर मागे ठेवला म्हणजे इंजिन करणाऱ्यावर पूर्ण भरवसा. त्या दिवशी त्यांनी दोर खांबाला अडकवला आणि हात झटकून बोटीत बसले. त्याआधी मी केलेल्या दुरुस्तीनंतर दोर प्रत्येक वेळी बोटीत आला. बाबांचं ठरलेलं. गुंडाळी उचलायची, माझ्या पायाशी टाकायची, आणि आभाळ बघत बसायचं. माझं एकही काम वाटेत बंद पडलेलं नाही, धाकट्या. तरी दोर यायचाच.

मला तुझा हेवा वाटतो. आता म्हटलंच आहे तर सरळ म्हणते. तुझ्या पगाराचा नाही, तुझ्या जहाजांचाही नाही. त्या खांबाला अडकवलेल्या दोराचा.

आता तुला आणखी एक गोष्ट सांगते, ती अजून कोणाला सांगितलेली नाही. खाडीचं पाणी ओढणारा पंप उघडला तेव्हा कळलं इंजिन का आवळलं ते. त्या पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. सील गळायला लागलं की पाणी तिथून बाहेर टपकतं आणि बघणाऱ्याला वेळीच कळतं. ते भोक हिरव्या रंगाने बुजलेलं होतं. पाण्याला बाहेर यायला वाट नव्हती, ते आत गेलं, ऑइल पांढरं झालं, बेअरिंगं जळाली. ऑइल तपासायची काडी रोज बाबा बघायचे. तू बसवल्यापासून त्या इंजिनाला ते मला हात लावू देत नसत, आणि त्यांची नजर आता पूर्वीची राहिलेली नाही, हे ते कबूल करणार नाहीत.

खोटं कशाला बोलू, आधी आनंदच झाला. पंप बाबांसमोर नेऊन ठेवायचा, काही बोलायचंसुद्धा नाही, असं मनात आलं. दारापर्यंत गेलेही. बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते, मला बघून त्यांनी विचारलं, धाकट्याचा फोन आला का? मी परत फिरले. टाचणीने भोक मोकळं केलं, नवं सील घातलं, आणि पंप असा वळवून बसवला की ते भोक समोर दिसावं. खाली एक वाटी ठेवली आहे. ती रोज मी बघते.

तुझ्यावर माया म्हणून गप्प बसले असं समजू नकोस. तुझं काम वाईट ठरलं म्हणून माझं चांगलं ठरायला नको होतं, एवढंच.

आणि मग परवा इंजिन सुरू केलं. बाबा काठी टेकत शेडमध्ये आले, डोळे मिटून ऐकत राहिले. इतका वेळ मी त्यांना एका जागी उभं पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता. आणि ते म्हणाले, "धाकट्याचा हात लपत नाही बघ. फोनवरून सांगून करून घेतलंन पोरीकडून." आयत्या बिळावर नागोबा! मी पान्याशी खुडबूड करत तोंड फिरवलं. तिथेच ते जरा रडणं झालं.

बोट पौर्णिमेच्या भरतीला पाण्यात उतरणार आहे. काल बाबा आईला सांगत होते, की या खेपेला दोर धक्क्यावरच राहील, धाकट्याने बसवलंय. ज्या गोष्टीची मी इतकी वर्षं वाट पाहिली ती मला मिळणार आहे, आणि ती तुझ्या नावाने. गप्प राहिले तर बाबा निर्धास्त बसतील, मी सुकाणू धरीन, सगळे खूश. मला ते नको आहे. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, पोरगी भावावर जळते, आणि ते खोटंही नाही. म्हणून हे तू सांगायचंस. रविवारी फोन केलास की पहिलं वाक्य हेच, की यात माझा हात नाही, मला एक शब्दही विचारलेला नाही, सगळं ताईचं आहे. पंपाचं काही बोलू नकोस, ते तुझ्यामाझ्यात राहू दे. नंतर त्यांनी दोर उचलून बोटीत टाकला तर टाकू दे, त्याच्यासाठी सुकाणूजवळ मी खुंटी ठोकून ठेवली आहे. पण दोर मागे राहिला, तर तो माझ्यासाठी राहिला हे मला कळलं पाहिजे. आणि हो, फोन सकाळी कर, दुपारी ते झोपतात.

तुझीच, अजून धुसफुसणारी,
ताई