जुन्या तुकड्याचा टंच

३ मार्च
आणि वर बहीण रुची मलाच म्हणते, तू झाशीत बसून डॉक्टरला शिकवू नको. का नको? टंच काढणारा मी का डॉक्टर? आठ वर्षं गलाईच्या दुकानात भट्टीपुढं बसलोय. सोन्याच्या लगडीतनं जोंधळ्याएवढा तुकडा काढायचा, तेजाबात टाकायचा, सोनं किती, तांबं किती, सांगून मोकळं. आईच्या कॅन्सरच्या गाठीचंही तेच. तुकडा मशीनमधी घालून आतली जीन वाचतात, मग कुठली गोळी चालंल ते ठरतं. डॉक्टर म्हणतो, आजार छातीतनं लिव्हरमधी गेलाय, तिथला ताजा तुकडा सुई घालून काढू. अरे, दोन वर्षांमागच्या ऑपरेशनचा तुकडा दवाखान्यात मेणात घालून ठेवलाय की! सोनं पेटीत ठेवलं म्हणून बदलतं व्हय?

५ मार्च
आईला फोन केला. तिला सुईचं भ्या. म्हणाली, माझ्या तानाजीला पारख हाय, तो म्हणंल तेच. डॉक्टरला नको म्हणून सांगितलंसुद्धा. जुनाच तुकडा जाणार. टेस्टसाठी आमचे मालक मारुतीअण्णा, त्यांच्याकडनं उचल घेऊन पैसे पाठवले. रुची फोनवर आली नाही. बारावी शिकलेल्या बहिणीला भावाचं ऐकायला जड जातं.
आजपासनं गुटखा बंद.

१९ मार्च
समथरचा सराफ लगड घेऊन आला, सोबत दोन वर्षांमागची टंचाची पर्ची. म्हणे, भैया, टंच तो हो चुका है, बस गला दो. झाडलाच त्याला. म्हटलं, बीच में गहना बना, टूटा, फिर गला, हर बार टाँके की मिलावट हुई. पुरानी पर्ची पुराने माल की. ताजा काटकर दो. गपचूप दिला. अण्णा गल्ल्यावरनं ऐकत होते. म्हणाले, शिकलास की रं!
गुटखा एकच. आनंदाचा.

६ एप्रिल
रिपोर्ट आला. जुन्या तुकड्यात कामाचं काही निघालं नाही. आहेत त्याच गोळ्या चालू. उगाच सुई टोचून घेतली असती.
चिरगाँवला स्टँडजवळ खोली बघितली. स्वतःची भट्टी! बयाना म्हणून आगाऊ पैसे दिले. वर्षात आईला गाडीतनं मोठ्या डॉक्टरकडं नेणार. स्वतःच्या गाडीतनं.

११ मे
रुचीचे तीन मिस्ड कॉल. कामात होतो. काम असं की खोलीचा मालक फोन उचलत नाही.

२६ जून
गाठी वाढल्या. आई सुईला तयार झाली. मला कुणी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं, पण असो.

१८ जुलै
ताज्या तुकड्यात सापडलं. गोळ्या खाता खाता गाठच आतनं बदलली, म्हणून त्या गोळ्या तिला लागू होईनात. मेणातल्या तुकड्यात हे नव्हतंच. याच्यावर वेगळी गोळी आहे. डॉक्टर रुचीला म्हणाला, मार्चमधीच ताजा तुकडा बघितला असता तर बहुतेक तेव्हाच कळलं असतं. मग विचारलं, सुईला नको कोण म्हणालं होतं? आई म्हणाली, मीच. मला भ्या वाटलं.
रुची माझ्यावर ओरडली नाही. ओरडायला पाहिजे होती.
समथरवाला डोळ्यापुढनं हलत नाही. पुराने माल की. मीच बोललो होतो. सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं.

१९ जुलै
रुचीला सांगितलं, पहिल्या महिन्याच्या गोळ्या माझ्याकडं. अख्ख्या, चाळीस हजारांच्या. ती बरं म्हणाली.
सकाळच्या बसनं चिरगाँवला बयाना मागायला गेलो. खोलीत शिलाईचं दुकान चालू. मालक म्हणे, कौन सा बयाना, भैया? कागद केला नव्हता. माणूस सज्जन वाटला होता.
अण्णांकडं उचल मागायची होती. मागची फिटली नाही. त्यांच्यासमोर गेलो आणि भट्टीला कोळसा संपलाय म्हणून आलो.

२३ जुलै
आईचा फोन. दोन शब्दांत दम लागतोय. म्हणाली, डॉक्टर कायबी म्हणू दे, तुमच्या सोन्यात असं बदलत न्हाय न्हवं? मग तुला कसं कळायचं, बाळा?
बदलतं म्हणून सांगायला तोंड उघडलं.
म्हणालो, न्हाय बदलत, आई.
म्हणाली, मग झालं तर. जेवलास का?
खिसे, डबा, गादीखालचं सगळं काढलं. गुटख्याला पन्नास ठेवले. पाठवतोय, तीन हजार सातशे.