चांगल्या बाजूची रेघ

३ नोव्हेंबर, सोमवार

दोडामार्गाहून सकाळच्या एसटीने कट्टा गावी आलो. नोकरी मिळाली, आनंद आहे. डॉ. हरिश्चंद्र परुळेकरांच्या हाडांच्या दवाखान्यात केसपेपर आणि रजिस्टर लिहायचे. शाळा नववीत सुटली, पण माझे अक्षर चांगले आहे आणि डॉक्टरांनी तेवढेच पाहिले. उजवा हात हीच माझी पुंजी. राहायला मागची खोली आहे. टेबल, खिडकी, घट्ट कडी. इथल्या जुन्या मदतनीस मथुराबाईंनी पेज आणि सुकटीची चटणी दिली.

एक्स-रेसाठी कुडाळला जावे लागते, म्हणून डॉक्टर सोनोग्राफीवरच मोडलेले हाड ओळखतात. जेली लावून कातडीवरून यंत्राचा प्रोब फिरवला की पडद्यावर हाडाची पांढरी रेघ दिसते. रेघेत पायरी दिसली की हाड मोडलेले. आधी चांगली बाजू बघायची, मग दुखरी, म्हणजे फरक कळतो. रोज सकाळी यंत्र तपासायला प्रोब माझ्या उजव्या हातावर फिरणार. जेली फार गार असते. रेघ सरळ होती.

५ नोव्हेंबर, बुधवार

लवू नावाचे मच्छीमार आले. होडीत घसरून उजवे मनगट मोडलेले. डॉक्टरांनी आधी डावे पाहिले. मला तिथेही बारीक पायरी दिसली. डॉक्टर त्या चित्रावर बराच वेळ थांबले, पण छापले फक्त उजव्याचे. कार्डावर पुन्हा येण्याची तारीख लिहिली, १४. माझी नजर चुकली असेल. मी नवीन आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

लवू आले. डावे मनगट मोडून आले. घराच्या पायरीवर पडले, आज सकाळीच. म्हणाले, "पडाच्या आदी हंय गार लागला रे, तुमची ती जेली लावल्यासारख्या." डॉक्टरांनी हे ऐकले आणि हात धुवायला गेले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

जुने रजिस्टर चाळले. या वर्षी अकरा जण ठरल्या तारखेला दुसऱ्या बाजूचे हाड मोडून परत आलेले आहेत. अकराही नोंदी पुन्हा तपासल्या. आणखी एक गोष्ट. माझ्या आधीचा लेखनिक गुरुप्रसाद, त्याचे अक्षर सुंदर होते. मार्चमध्ये एका ओळीपासून ते एकदम वेडेवाकडे होते, डाव्या हाताने लिहिल्यासारखे. अर्धे पान तसे, मग कोरे. मथुराबाईंना विचारले तो कुठे गेला. त्या म्हणाल्या, "तो काम सोडून गेलो." कुठे ते सांगितले नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मासे विकणाऱ्या पद्मावती आल्या. टेम्पोतून टोपली ओढताना उजवा खांदा निखळलेला. डॉक्टरांनी तो सफाईने बसवला. त्याआधी डावी बाजू पाहिली होती. गळ्याजवळच्या हाडात पायरी. आता माझी नजर चुकत नाही. तारीख २२.

बाहेर गाठून त्यांना सांगितले, २२ला घरातून हलू नका. त्या हसल्या. "मी घराक बसलंय तर म्हावरा काय तुझो बापूस विकतलो?" रिक्षावालेही हसले. पण जाताना पद्मावतींनी डावा खांदा पदराने झाकून घेतला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पद्मावतींना सून उर्वशी घेऊन आली. गळ्याजवळचे डावे हाड मोडलेले. पडल्या नाहीत. माझे ऐकून घरी चटईवर बसून होत्या. खांद्यावर ओले फडके कोणी ठेवले, असे विचारले, आणि हाड मोडल्याचा आवाज सुनेने स्वयंपाकघरात ऐकला.

मला बघून एवढेच म्हणाल्या, "तू सांगलंस म्हणान झाला."

मी सांगितले म्हणून? की डॉक्टरांनी तारीख लिहिली म्हणून? की आम्ही दोघांनी ती पायरी पाहिली म्हणून?

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी यंत्र तपासले. माझ्या हातावर. मनगटाच्या वर पायरी.

डॉक्टरांनी जेली पुसली. मग, कधी नाही ते, प्रोब वर नेला. दंड, खांदा, मान. मानेवर थांबले. पडदा त्यांनी स्वतःकडे वळवला होता.

माझ्या नावाचे कार्ड तयार केले. तारीख २७. मी विचारले, मानेत काय दिसले. म्हणाले, तुलना करायला पाहिली.

२५ नोव्हेंबर

मथुराबाई नजरेला नजर देत नाहीत. पेज दाराबाहेर ठेवून जातात. घरी जावे तर एसटी, घाट, काहीही. इथेच बसावे तर पद्मावतीही घरीच बसल्या होत्या.

कार्ड फाडले. संध्याकाळी टेबलावर दुसरे होते. तीच तारीख.

२७ नोव्हेंबर

सकाळ. कडी लावली. टेबलावर वही सोडून काही नाही. छताला पंखा नाही, फळी नाही. हात टेबलावर सपाट. पडायला जागा नाही. लिहीत राहीन, म्हणजे हात शाबूत आहे हे दिसत राहील.

साडेदहा. काही नाही.

डॉक्टर दाराशी आले. हळू आवाजात म्हणाले, उघड, मी फक्त बघतो, मी कधीच काही केलेले नाही. गुरुप्रसादलाही हेच सांगितले होते म्हणाले. उघडले नाही.

अकरा. मनगटाच्या वर गार —

कोणी नाही. खोलीत कोणी नाही. हात ओला दिसत नाही, पण गार, आणि काहीतरी त्यावरून फिरते आहे, सावकाश, पुढे — मागे —

डाव्या हाताने लिहितो. आवाज ऐकला. सुकी काठी मोडावी तसा. उजवा तसाच टेबलावर, पण सरळ नाही.

दार बंदच. डॉक्टर बाहेर रडतात.

गार वर चढते. दंड. खांदा.

माने