दादासाठी जंगलाची हवा

३ ऑक्टोबर
आजपासून रोज लिहायचं. ठरलं.

दादाला वहिनीने आज घरी आणलं. दवाखान्यात घशात नळी घालून मशीनवर ठेवला होता. आता सुटला. नाकाला ऑक्सिजनची बारीक नळी तेवढी आहे. डॉक्टर म्हणतो फुफ्फुसं संपत आली. डॉक्टर वयाने माझ्या मुलीएवढा. फुफ्फुसं म्हणजे काय साबण आहे संपायला? चार भिंतींत कोंडलं तर धडधाकट माणूसही खचेल. दादाला हवा पाहिजे, झाडांची, मोकळी.

तेव्हा त्याला सरकारी जंगलात न्यायचं. केबिन मिळते, पायवाटा आखलेल्या आहेत, टेकडीवर मनोरा आहे. दोन दिवसांत माणूस ठणठणीत.

उद्यापासून पहाटे पाचला उठून चालणे. मीच दमलो तर दादाकडे कोण बघणार?

४ ऑक्टोबर
उठलो नाही. गजर झाला होता, पण नवीन बूट अजून आलेले नाहीत. जुन्या बुटांत चाललं की पायाला चुकीची सवय लागते. हिला हे समजावून सांगितलं. ही म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं.

प्लॅनही सांगितला. भावजींना विचारलंत का, म्हणाली. म्हटलं, सरप्राइज आहे. इस्त्री करता करता मान वर न करता म्हणाली, तुमचं नेहमीचंच, आपलंच घोडं दामटायचं. हिला उत्साह मुळात कमी. माहेरचा गुण.

७ ऑक्टोबर
बूट आले. चावतात. चांगले बूट सुरुवातीला चावतातच. सवय व्हावी म्हणून घरातच घालून हिंडलो. खालच्या मजल्यावरच्या बाई येऊन विचारून गेल्या, काही काम काढलंय का.

दादाला सांगितलं. खिडकीपाशी बसला होता. मग म्हणाला, चल. बघा! आणि ही म्हणे विचारलं का.

वहिनी स्वयंपाकघरात गेली ती लवकर बाहेरच आली नाही. माणूस सुधारायला लागला की बायकांना रडू येतं.

१० ऑक्टोबर
पहाटे पाचचं चालणं तिथे गेल्यावरच सुरू करणार. इथली हवा तशीही उपयोगाची नाही.

वहिनीने दादाचा स्वेटर, गोळ्या, खांद्याला अडकवायचा छोटा सिलिंडर, सगळं बांधून दिलं. म्हणाली, त्यांना चालवू नका, नुसतं झाडांखाली बसवा. म्हटलं, वहिनी, मी आहे ना. ती बरं म्हणाली. तिचा माझ्यावर पहिल्यापासून विश्वास.

११ ऑक्टोबर, जंगल
पोचलो. जंगल अफाट आहे. गेटवरच्या गार्डने सिलिंडर बघितला आणि हिरव्या खुणांची वाट सुचवली. तळ्याकाठून जाते, सपाट, जागोजागी बाकं. म्हणजे बाबागाडीवाल्यांची. लाल खुणांची वाट मनोऱ्यापर्यंत चढते. बोर्डावर ‘अवघड’ लिहिलंय, पण ते सगळ्यांसाठीच लिहितात. गार्डसमोर मान डोलावली. त्याच्या तोंडी कशाला लागा.

संध्याकाळी केबिनच्या पायरीवर बसलो. आम्ही दोघे लिफ्टचे मेकॅनिक, सगळा जन्म एका जोडीने काम केलं. दादा तळाशी लिफ्टखालच्या खड्ड्यात, मी वर मशीनरूममध्ये. लिफ्टच्या कामात नियम एकच: खड्ड्यातला माणूस सांगेपर्यंत वरच्याने लिफ्ट हलवायची नाही. बिल्डिंगचा मालक येऊन बोंबलू दे, खड्ड्यातल्याचा शब्द शेवटचा. एवढ्या वर्षांत मी त्याच्या शब्दाबाहेर एकदाही बटण दाबलं नाही. हे अभिमानाने लिहितो.

आज दादाने तीच आठवण काढली. धाप लागत होती, थांबत थांबत बोलला.

“बारक्या, आता मी खड्ड्यात आहे असं समज. परत मशीनवर घालायची वेळ आली तर घालू द्यायचं नाही. मला पुन्हा ती नळी नको. तुझ्या वहिनीच्याने डॉक्टरला नाही म्हणवणार नाही. तू म्हणायचंस.”

(माझं वजन ब्याण्णव किलो झालं तरी याच्या लेखी मी बारक्याच.)

हो म्हटलं. शांत जागी नवीन माणसाच्या डोक्यात असलं काहीबाही येतंच. उद्या मनोऱ्यावर गेला की विसरेल. मी हो म्हटल्यावर बाकी गाढ झोपला. हवेचा गुण!

१२ ऑक्टोबर, हॉस्पिटल
वेळ नाही, थोडक्यात लिहितो.

सकाळ उत्तम होती. पाचला उठलो नाही, पण उजाडल्यावर उठलो. लाल वाट धरली. सिलिंडर माझ्या खांद्यावर, नळी दादाच्या नाकात. पहिल्या वळणाला तो थांब म्हणाला. थांबलो. दुसऱ्या वळणाला पुन्हा थांब. म्हटलं, अरे, मनोरा आलाच. (दिसत नव्हता. पण वाट चढत होती म्हणजे येणारच.) तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मला वाटलं, लाड केले तर बसूनच राहील. मी चालत राहिलो. नळीला ओढ लागली तेव्हा मागे बघितलं. दादा मातीत बसला होता. ओठ निळे पडले होते. सावलीत गारठा होता खरा.

गार्ड लोकांनी स्ट्रेचरवरून खाली आणलं. लाल वाटेला का नेलंत, असं कालचाच गार्ड विचारत होता. म्हटलं, तुमच्या खुणा नीट दिसत नाहीत. याची लेखी तक्रार करणार आहे.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नळी घालून मशीनवर घ्यायचं का, लवकर सांगा. वहिनी अजून पोचायची होती. घ्या म्हटलं. दादा बोलला ते बरा असताना, पायरीवर बसून. बऱ्या माणसाचं बोलणं आजारी माणसाला कसं लागू होईल?

१३ ऑक्टोबर
वहिनी आणि ही आल्या. दादा शुद्धीवर आलाय. हात पलंगाला बांधलेत, कारण तो नळी ओढून काढायला बघतो. म्हणजे अंगात ताकद आहे. चांगलं लक्षण.

वहिनीने विचारलं, तिथे ते काही बोलले का. म्हटलं, हवा छान आहे म्हणाला. मनोरा फार आवडला म्हणाला. पोचलो असतो तर आवडलाच असता.

१६ ऑक्टोबर
दादाचे पाय चोळून दिले. सांगितलं, पुढच्या वेळी पिवळ्या खुणांची वाट. त्याने तोंड फिरवलं. नळीमुळे मान अवघडत असेल.

दुपारी वहिनीने मला बाहेर बाकावर बसवलं. पुन्हा तोच प्रश्न. मी पुन्हा हवेचंच सांगितलं.

“भावजी, निघायच्या आदल्या दिवशी ते मला सांगून गेले. नळी नको, हे बारक्याच्या कानावर घालायचंय. घरात विषय काढला की तो उठून जातो, म्हणाले, जंगलात जाऊन जाऊन जाईल कुठे. तेवढ्यासाठी आले हो ते. त्यांना नव्हतं कुठे फिरायचं.”

मग म्हणाली, तुम्ही स्वतःहून सांगाल म्हणून वाट बघत होते.

रागावली असती तर काहीतरी उत्तर दिलं असतं. ती रागावली नाही. डॉक्टरीणबाईंना शोधत आत गेली.

१७ ऑक्टोबर
सकाळी अकराला नळी काढायची ठरली होती. काढली. हात सोडले होते म्हणे. ही म्हणाली, शांत होते, त्रास झाला नाही, वहिनीचा हात धरून होते. मध्ये दोनदा दाराकडे बघितलं.

मी नव्हतो. गाडी लावायला जागा मिळाली नाही असं हिला सांगितलं. वहिनीलाही तेच सांगितलं.

जागा होती. दारासमोरच होती. मी गाडीत बसून होतो.