दुसऱ्या गावची बाई

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र. माझा गुडघा आहे तसाच आहे, त्याची चौकशी पुढच्या पत्रात करू नकोस. चिमणीचा नर्सिंगचा निकाल लागला की आधी मला कळव. तिच्या आईने अभ्यासात काय दिवे लावले होते, ते मी विसरलेले नाही.

मनातली गोष्ट वेगळीच आहे. मी खोली घेऊन चार बायकांबरोबर शिवणकाम करते, एवढंच तुला ठाऊक आहे. आम्ही शाळेचे शर्ट शिवतो. माल कसला नि कुणाचा हे बाहेर बोलायचं नाही, असा शब्द ठेकेदाराने घेतला होता. आपल्या मिशनच्या शाळेत शब्द म्हणजे शब्द, तेव्हा तो मी सख्ख्या बहिणीपाशीही पाळला. आज मोडते, कारण पोटात मावत नाही.

दर चार-सहा महिन्यांनी तो येतो आणि सांगतो, दुसऱ्या गावात एक बाई याहून कमी मजुरीत शिवते. मग मीही उतरते. आधी बायकांचा दुपारचा चहा बंद झाला. मग बटणं मी घरी नेऊन स्वतः लावू लागले, तेवढीच एकीची मजुरी वाचते. यंदा पुन्हा उतरले तर दोघींना घरी बसवावं लागेल. त्यांतली एक माझ्याकडे खोली उघडल्या दिवसापासून आहे.

त्या न पाहिलेल्या बाईला मी रोज शिव्या देते. शिव्याही शाळेत शिकलेल्याच, त्यामुळे तिला काही लागत नसणार.

तुझी माया आहे म्हणून इतकं लिहिलं.
तुझी,
ताई

१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? विचारू नकोस म्हणालीस म्हणूनच विचारते.

तुझं पत्र मी दारातच उभ्याने वाचलं आणि आत यायचं विसरले. पडद्यांचं काम सोडून हल्ली काय करतेस, असं तू दोनदा विचारलंस आणि मी दोन्ही वेळा विषय बदलला. ताई, मीही शाळेचे शर्टच शिवते. शब्द माझ्याकडूनही घेतलाय. आमच्या बायकांनी त्या माणसाचं नाव ‘मधाचं बोट’ ठेवलंय, इतकं गोड बोलून तो दर पाडतो. आणि मलाही दर वेळी हेच सांगतो, की दुसऱ्या गावात एक बाई आहे.

गेल्या महिन्यात त्याने त्या बाईच्या हातचा शर्ट दाखवला. एवढ्या मजुरीत हे काम बघा, म्हणाला. मी बटण उलटून पाहिलं. खाली दोऱ्याची उभी मान, तिला तीन वेढे, आणि गाठ कापडाच्या आत दडवलेली. शिवणाच्या सिस्टर पट्टी घेऊन आपल्याकडून करून घ्यायच्या ती. मला वाटलं, आपल्या शाळेतली कुणी असेल. ती तू असशील हे डोक्यातच आलं नाही. शाळकरी पोरांच्या शर्टाला असलं बटण कोण लावतं, ताई? या मजुरीत दोन टाके मारून मोकळं व्हायचं असतं.

तुझ्या शिव्या पोचल्या. गेली दोन वर्षं मी तुला काय काय म्हणत होते, ते मात्र लिहीत नाही.

लहान समजून पोटात घाल.
तुझी,
धाकटी

२१ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आधी हसले, मग चष्मा काढून बसले. लहानपणी एका खिडकीत बसायला आपण भांडायचो, पण तेव्हा निदान समोर कोण आहे हे दिसत होतं. दोन वर्षं आपण एकमेकींच्या बायकांचा चहा पीत होतो, असंच म्हणायचं.

आता माझं ऐक. त्याला आपण दोघी आहोत, तशा आपल्यालाही आपण एकमेकी आहोत. गेल्या वर्षीच्या दराखाली तूही जायचं नाहीस, मीही जाणार नाही. त्याला काही कळू द्यायचं नाही. गोड हसून नाही म्हणायचं, तेवढं तरी सिस्टरांनी आपल्याला नीट शिकवलंय. बायकांना मी आजच सांगून टाकलं की कुणी घरी बसणार नाही.

हा शब्द आपल्या दोघींतला. ताईवर आहे तसाच जीव असू दे.
तुझी,
ताई

९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र चारदा फाडून पाचव्यांदा लिहितेय.

तो आला. मी ठरल्याप्रमाणे हसून नाही म्हटलं. तो रागावला नाही, हेच वाईट झालं. पाणी प्यायला आणि म्हणाला, बाई, मोठी दुकानं मलाही हेच ऐकवतात, आणि त्या दुकानांना पोरांच्या आया. शर्ट हातात घेतला की आधी किमतीची चिठ्ठी उलटतात. चिमणीचे बूट घेताना मी स्वतः चार दुकानं फिरले होते. मग त्याने आठ दिवस दिले. जी आधी उतरेल तिला दोन्ही गावांचा सगळा माल. कुणीच नाही उतरलं तर तिसऱ्या गावात जाईन, तिथे बाया वाट बघतायत, म्हणाला. तिसरं गाव खरं की खोटं, कोण जाणे.

सात दिवस मी टिकले. त्याच्याच सांगण्यावरून घेतलेली काज-बटणाची यंत्रं समोर उभी होती. त्यांच्यावर दुसरं काहीच शिवता येत नाही. सहा बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. आठव्या दिवशी सकाळी मी हो म्हटलं.

ताई, तुला दिलेला शब्द मी मोडला. आता माल दुप्पट आहे आणि हात कमी पडतात. कसं लिहू कळत नाही. तू इकडे येशील? मागची खोली रिकामी आहे. तुला नगामागे इतरांपेक्षा जास्त देईन.

रागाव, पण उत्तर पाठव.
तुझी,
धाकटी

१७ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

रागावले, आणि राग दोन दिवसही टिकला नाही. त्याचं कारण तुला सांगायलाच हवं. मला दिलेल्या मुदतीतले तीन दिवस बाकी होते, आणि होकाराचं कार्ड लिहून माझ्या पर्समध्ये तयार होतं. तू आधी पोचलीस, एवढंच.

खोलीची किल्ली काल मालकाला दिली. दोन मशिनी विकल्या. चौघींपैकी दोघी तुझ्याकडे यायला तयार आहेत. बाकी दोघींना घर सोडून येता येत नाही. त्यांतली एक ती पहिल्या दिवसापासूनची. तिने मला एका शब्दानेही टोचलं नाही. टोचायला हवं होतं.

सोमवारच्या गाडीने येते. जास्त मजुरी देऊ नकोस. ती तू कुणाच्या वाट्यातून काढशील, हे आपल्या दोघींनाही माहीत आहे. बाकीच्या बायकांसमोर मी तुला अहो म्हणेन, हसू नकोस. आणि माझा हात आता सावकाश चालतो. संध्याकाळी माझे शर्ट कमी भरले, तर इतरांना बोलतेस तसंच मला बोल. ताई म्हणून सोडलंस, तर त्या सहा जणी तुला सोडणार नाहीत.

घरात मात्र मीच थोरली. तिथली माया कमी करू नकोस.
तुझी,
ताई